वाचणारा उठून पळाला

प्रिय बारक्या,

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी अंघोळ करून देवापुढे बसलो. रोजच्यासारखे डोळे मिटले, पण नामाऐवजी मनात एक वेगळंच वाक्य येत राहिलं. आदल्या दिवशी कचेरीतल्या नव्या कारकुनाने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला होता. म्हणाला, "काका, हे तुमच्याच प्रोग्रॅमचं ना? बघा, लोक पोट धरून हसतायत." कुणी एक बाई आपल्या साइटवरच्या बॉटला, म्हणजे आपोआप उत्तरं छापणाऱ्या यंत्राला, माणूस समजून पत्रं लिहीत होती आणि कुणीतरी त्याचा फोटो काढून जगभर फिरवला होता. मीही हसलो. हातात काम होतं, वाचलं न वाचलं आणि हसलो. रविवारी मात्र त्यातलं ते एक वाक्य पाण्यात दाबलेल्या बुचासारखं पुन्हा पुन्हा वर यायला लागलं. शेवटी मी उठलो. दिवा तसाच तेवत ठेवला, मशीन सुरू केलं आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. तुझ्या वहिनीने चहा गरम करून ठेवला, पुन्हा गरम केला, मग स्वतःच पिऊन टाकला.

त्या पानावर काय होतं ते लिहितोच. पण तू इतकी वर्षं घाईत आहेस, की मुद्द्याचं आधी सांगितलं तर बाकीचं वाचणार नाहीस. म्हणून मागून सुरुवात करतो.

आपली गावची शाळा आठव. एकाच खोलीत चार इयत्ता, आणि ताई खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला. मास्तर वाईट नव्हते, पण जिला फळा दिसत नाही तिने फळ्यासमोर जागा का अडवावी, असा त्यांचा सरळ हिशोब होता. ताईने कधी तक्रार केली नाही. खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ती घ्यायची आणि उरलेलं संध्याकाळी आपण दोघं पाळीपाळीने तिला वाचून दाखवायचो. तुझी पाळी असली की पान संपायच्या आत तुझा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. शेवटची ओळ गिळून तू "संपलं!" म्हणायचास आणि मैदान गाठायचास. ताईला पुस्तक दिसत नव्हतं, तरी तिला दर वेळी कळायचं. ती मला म्हणायची, "वाक्य संपताना आवाज खाली बसतो रे. ह्याचा उभाच होता. वाचणारा उठून पळाला." मग मी ती राहिलेली ओळ वाचायचो. रागावली ती कधीच नाही. उलट तिला तुझं कौतुकच वाटायचं, पोराला किती पळायचं असतं म्हणून.

पुढे ती हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर झाली. तिथे शेजारची माणसं वाचून दाखवायची ते कागद जाऊन संगणक आले आणि तिची नोकरी धोक्यात आली, तेव्हा आपण दोघांनी "आवाज" लिहायला घेतला. पडद्यावरचं सगळं तिला बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. डोकं तुझं, हमाली माझी, हे मी तेव्हाही मान्य करत होतो आणि आजही करतो. तिच्यासारखी माणसं सगळीकडे असणार म्हणून तो फुकट वाटला आणि कोडही उघडा ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, ज्याला जमेल त्याने सुधारावा. त्यासाठी ती मेलिंग लिस्ट काढली. एकाने लिहिलेलं सगळ्यांच्या डब्यात जायचं, बस. साधंच प्रकरण होतं, पण ते घर होतं. त्या घराला रीत होती. नवीन कुणी आला की त्याला कोडला हात लावू द्यायचो नाही. आधी काही महिने आलेल्या तक्रारींना उत्तरं लिहायची, म्हणजे हे सगळं कुणासाठी चाललंय ते कळतं. नवी पोरं घाबरून सरकारी नोटिशीसारखी उत्तरं लिहायची. ताई त्यांना वेगळं पत्र घालून समजवायची, अमुक असं लिही, तमुक तसं विचार. तिच्या हाताखालून गेलेली किती माणसं पुढे आपल्यापेक्षा मोठी झाली! आणि दुसरी रीत तर कुणी ठरवलीही नव्हती. आवाजात कुणी काही बदल पाठवला की ताई तो आपल्या मशीनवर चालवायची आणि लिस्टवर एकच शब्द लिहायची, "ऐकलं." तो शब्द आला की बदल आत, नाही आला की थांबायचं. लोक तिला "कान" म्हणायचे. ती तुझी-माझी बहीण आहे हे निम्म्या लोकांना माहीतसुद्धा नव्हतं.

मग तू त्या साइटची टूम काढलीस, जिथे जगभरची माणसं आपापले प्रोग्रॅम उघड्यावर ठेवतात. म्हणालास, दादा, सगळं जग तिथे गेलंय. आपण टपालात बसलो तर उद्या कुत्रंही विचारणार नाही. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मलाही बरं वाटलं. कोण कुठून काय पाठवतंय ते एका जागी दिसायचं, जुनं शोधायला सोपं. कधी नाव न ऐकलेल्या देशातली माणसं आपला प्रोग्रॅम उघडून बघायला लागली. प्रोग्रॅम आवडला की लोक तिथे त्याला स्टार देतात. तू रोज सकाळी मला त्या स्टारचा आकडा सांगायचास, जसा काही मुलाचा ताप मोजतोयस. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की माणसं येतायत आणि थांबत नाहीयेत. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाला तिथे एक हिरवा चौकोन मिळतो आणि नोकरीच्या मुलाखतीत तो मोजतात. म्हणून कुणी यायचा, एक स्वल्पविराम सरळ करायचा, चौकोन खिशात घालून निघून जायचा. प्रोग्रॅम कोण वापरतं हे त्याला ठाऊक नसायचं आणि आपण त्याला विचारतही नव्हतो. आपल्या लिस्टवरच्या गणिताच्या बाई आठवतात? आवाजाने आकडे कसे वाचायचे तो सगळा भाग त्यांनी एकटीने लिहिला होता. त्यांनी नेहमीसारखा बदल पत्रातून पाठवला, तू म्हणालास साइटवरून पाठवा. त्यांनी तो तसा पाठवला, तर यंत्राने परत केला, अमुक फॉर्म भरलेला नाही. फॉर्म भरला, तर तमुक जागा रिकामी आहे. शेवटी त्यांनी मला लिहिलं, "दिवसभर मी वर्गातल्या वह्या तपासते. घरी येऊन माझी वही यंत्राकडून तपासून घ्यायची मला हौस नाही." त्या गेल्या त्या गेल्याच. तू म्हणालास, जुनी माणसं अशीच, बदल पचत नाही.

आणि ताई? तिला त्या पानावर आपला आवाज नुसता "बटण, बटण, बटण" एवढंच बोलून दाखवायचा. ज्या पानावर आवाज घडत होता, ते पान आवाजाला वाचता येत नव्हतं. खातं उघडायचं तर आधी चित्रांमधले शिडीवाले चौकोन निवडून दाखवायचे, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होतं. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "साइट आपल्या बापाची आहे का दादा? आणि यंत्र घेतं त्या टेस्ट सगळ्या हिरव्या येतायत, पास होतायत ना, मग कुणी ऐकायची गरजच काय?" मग तू लिस्ट बंद केलीस. ताईने त्या आठवड्यात लिहिलेलं "ऐकलं" तिच्याकडेच परत आलं, हा पत्ता आता अस्तित्वात नाही म्हणून. तिने मला हसत हसत सांगितलं, "अरे, आपण घर बदललं आणि मला कुणी बोललंच नाही." मी म्हटलं, बारक्या घाईत आहे. ती म्हणाली, "तो कधी नव्हता?"

त्यानंतर तुला ती मोठी नोकरी लागली. लागायलाच हवी होती, तुझी लायकी होती. मी कचेरीत प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. जाताना तू तक्रारी सांभाळायला तो बॉट बसवून गेलास आणि थट्टेने त्याचं नाव "सोबती" ठेवलंस. नावाशेजारी पिवळ्या पत्र्याच्या तोंडाचं चित्र लावलंस. डोळे असलेल्या माणसाला एका नजरेत कळावं, की हे यंत्र आहे. ताईच्या मशीनने तिला फक्त नाव वाचून दाखवलं.

आता त्या पानाकडे येतो. नव्या व्हर्जनमध्ये आवाज भरभर वाचायला लागला, त्याचं तुला फार कौतुक होतं. पण त्या वेगात तो प्रत्येक पानाची शेवटची ओळ सोडून द्यायचा. सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण शेवटच्या ओळीची टेस्ट लिहायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हॉस्पिटलात ड्यूटीवरच्या डॉक्टरांची यादी असते, तिच्यातलं तळाचं नाव ताईला कधी ऐकूच आलं नाही. एका पेशंटच्या मुलाला तिने फोनवर सांगितलं, ते डॉक्टर आज नाहीत. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. पेशंट वाचला, देवाची कृपा. पण ताईला नोकरीतला पहिला लेखी ठपका मिळाला. मला तिने हे काहीच सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "घरच्या माणसाकडून करून घेणं म्हणजे वशिला. बाकीची आंधळी माणसं कुणाच्या दादाला सांगणार? म्हणून रीतीने सांगितलं." काउंटरवरच्या मुलीने तिच्यासाठी शिडीवाले चौकोन निवडून दिले. साइटने सुचवलेलं अक्षरं-आकड्यांचं कसलंसं नाव घेऊन खातं उघडलं आणि ताईने तक्रार लिहिली. "पानाची शेवटची ओळ गिळली जाते. आवाज खाली बसत नाही, उभाच राहतो. वाचणारा उठून पळाल्यासारखं वाटतं."

तिला उत्तर सोबतीचं आलं. बरेच दिवस हालचाल नाही, तक्रार शिळी समजून बंद करण्यात येईल. ती उत्तरं मेलने यायची आणि मेलनेच परत लिहिता यायचं. म्हणून ते पान तिने कधी ऐकलंच नाही. तिला वाटलं, लिस्टची रीत अजून चालू आहे, हा कुणी नवा पोरगा पहिलं काम शिकतोय. तिने त्याला लिहिलं, "बाळ सोबती, तू नवीन दिसतोस. तक्रार म्हणजे काही दूध नव्हे नासायला. ज्याचं दुखतंय त्याला आधी विचार, अजून दुखतंय का." त्याने पुन्हा तेच छापलं. तिने लिहिलं, "घाबरू नकोस, मी रागावले नाही. समजलं नसेल तर समजलं नाही असं लिहावं. इथे त्याला कुणी हसत नाही." पुन्हा तेच. मग तिने लिहिलं, "तुला कुणी शिकवत नाहीये असं दिसतं. आजकाल सगळे घाईत असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रविवारी संध्याकाळी मी घरी असते, फोन कर, पाच मिनिटांत समजावून देईन." आणि खाली नंबर. तो नंबर मी त्या सकाळी हाताने पुसला. कितीतरी रविवार ती फोनजवळ बसून होती, बारक्या, एका पत्र्याच्या डब्याची वाट बघत.

या प्रत्येक पत्राखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आहे. सर्वांत जास्त हसरे चेहरे कुठे मिळालेत ठाऊक आहे? "इथे त्याला कुणी हसत नाही" या पत्राला. त्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की हसणाऱ्यांची नावं उघडतात. मी टेकवलं. पहिल्याच ओळीत तू होतास.

मी हसलोच होतो की आदल्या दिवशी, म्हणून हसण्याबद्दल तुला बोलायला मला तोंड नाही. पण मी धावत्या नजरेने वाचलं होतं, तरी ते एक वाक्य मला दुसऱ्या दिवशी देवापुढून उठवून गेलं. वाचणारा उठून पळाला. या जगात हे वाक्य कोण बोलतं आणि कुणाबद्दल बोलतं? तू ते वाचलंस, त्याच्याखालची पत्रं वाचलीस, त्यातला "बाळ" वाचलास, आणि तुला काहीच आठवलं नाही. तू तिला ओळखून हसला असतास, तर भांडून मोकळं होता आलं असतं. तू ओळखलंच नाहीस, याचं काय करू ते मला अजून सुचत नाही.

ती चूक मी दुरुस्त केली. अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं. जुन्या लिस्टचा पत्ताही पुन्हा सुरू केला आणि मग ताईकडे गेलो. ती फोनच्या बाजूच्या खुर्चीतच बसली होती. मी सांगितलं, सोबती माणूस नाही. तिने फोनवर ठेवलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "म्हणजे त्याला समजत नव्हतं असं नाही. समजणारच नव्हतं. आणि मी आपली त्याच्या आईवर चिडत होते, पोराला साधं उत्तर द्यायला शिकवलं नाही म्हणून." आम्ही दोघंही हसलो. मग तिने विचारलं, "लोकांना मजा आली असेल?" मी म्हटलं, थोडी. "आपल्यातलं कुणी होतं?" मी म्हटलं, ताई, तुझा चहा निवतोय. सगळं आयुष्य फोनच्या तारेवर काढलेली बाई ती. माणूस गप्प बसला की तो कशाला गप्प बसलाय हे तिला बोलण्यापेक्षा नीट ऐकू येतं. तिने कप उचलला आणि एवढंच म्हणाली, "ते पान मला स्वतः ऐकायचंय. तू वाचून दाखवू नकोस. आवाजाला ते वाचता यायला लागलं की सांग."

आणि गंमत बघ. ते वाचता यावं म्हणून एकाने बदल आधीच पाठवून ठेवला होता. कोण, कुठला, मला माहीत नाही. साइटवरूनच आलेला, लिस्टच्या दिवसांत आपल्याला कधी सापडला नसता असा माणूस. त्या साइटला शिव्या घालताना मी हेही लिहायला हवं. त्याने फार मन लावून काम केलंय. आता आवाज ते सगळं पान वाचतो, बटणांची नावं सांगतो, आणि पत्रांखालचे चेहरेसुद्धा बोलून दाखवतो. कुणाचा, कसला, नावानिशी. त्याने सोबत लिहिलं होतं, "जे डोळसांना दिसतं ते सगळं आम्हालाही कळू द्या." त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी मी तो बदल दाबून ठेवला. आज बघू, उद्या बघू. त्याने नम्रपणे विचारलं, माझं काही चुकलं का? मी उत्तर दिलं नाही. मग काल तिथे सोबती उगवला. बरेच दिवस हालचाल नाही, शिळं समजून बंद करण्यात येईल. बारक्या, मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तुझ्या यंत्राने ते बंद केलं असतं, ताईला मी सांगितलं असतं, अजून जमलेलं नाही, आणि कुणावर काही आलं नसतं. मास्तरांनीही तिचं काही वाईट केलं नव्हतं. त्यांनी फक्त ठरवलं होतं, की हिच्यापर्यंत काय पोचावं आणि काय नको ते आपल्याला कळतं. रात्रभर मला तीच खिडकी दिसत होती.

म्हणून हे पत्र कागदावर लिहून टपालात टाकतोय, म्हणजे ते तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. नवं व्हर्जन पुढच्या सोमवारी ताईच्या मशीनवर जाईल. त्याआधी हे तुझ्या हातात पडेल. तुला तुझा हसरा चेहरा काढून टाकता येईल हे मला माहीत आहे. एकदा दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की जातो, मागे डागसुद्धा राहत नाही. तसं केलंस तर सोमवारी तिला तुझं नाव ऐकू येणार नाही आणि मीही कधी बोलणार नाही, देवाशपथ. नाहीतर त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी तिला फोन करता येईल. ती फोनजवळच बसते, सवय मोडलेली नाही. काय करायचं ते तू ठरव, मला कळवू नकोस. माझ्या वाटणीचं होतं ते मी केलं. आज सकाळी देवापुढून उठलो आणि तो बदल आत घेतला.

राहिलेली ओळ वाचायला मागे थांबलेला,
तुझाच,
दादा